बिग बॉस व आमचें कुटुंब

आमच्या एका वाचकभगिनींनीं पत्र लिहून असें विचारलें आहे कीं, "दूरचित्रवाणीवरील 'रिॲलिटी शो' नांवाचा प्रकार घरांतील मुलांस पाहूं द्यावा कीं नाहीं, याविषयीं आपण आपल्या सदरांत एकदां स्पष्ट मत द्यावें." पत्र वाचून आम्हांस प्रथम अभिमान वाटला व मागाहून घाम फुटला. अभिमान अशासाठीं कीं, जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म 'रामः रामौ रामाः' घोटवून घेण्यांत घालविलेल्या मास्तराचें मत अजूनहि कोणास हवेंसें वाटतें. आणि घाम अशासाठीं कीं, या विषयावर स्पष्ट मत देण्याचा आमचा अधिकार इ. स. २०२४ च्या श्रावणांत, आमच्याच घरांत, आमच्याच माणसांनीं बहुमतानें काढून घेतला. ती हकीगत सांगतों. मत त्यांतून भगिनींनींच काढून घ्यावें.

'रिॲलिटी' म्हणजे वास्तव, असें आमची नात सांगते. पण वास्तव म्हणजे काय, हें आम्हां वाईकरांना कोणीं शिकवूं नये. आमची वाई 'गंगाजल' चित्रपटासाठीं २००३ सालीं बिहार झाली. 'दबंग'साठीं २०१० सालीं उत्तर प्रदेश झाली. आणि नाना फडणविसांनीं बांधलेला मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्यें २००४ सालीं असाच उत्तरेकडे जाऊन आला. आमच्या गांवच्या बायकांनीं मराठी धुणें हिंदी प्रांतांत धुतलेलें आहे. तेव्हां पडद्यावर 'हें सर्व खरें आहे' अशी अक्षरें उमटलीं कीं आमचा वाईकर गालांतल्या गालांत हंसतो व पुढें खुशाल पाहत बसतो.

आतां आमचें घर. आम्ही, आमचें कुटुंब, आमची बालविधवा नव्हे पण तरुणपणींच माहेरीं परत आलेली थोरली बहीण आक्का, थोरले चिरंजीव, थोरल्या सूनबाई, त्यांचीं दोन अपत्यें, आणि धाकट्या सूनबाई. धाकटे चिरंजीव पुण्यास नोकरीला. ते शनिवारीं रात्रीं येत व सोमवारीं पहांटेच्या एस. टी. नें जात. एवढ्या माणसांत दूरचित्रवाणीचा पडदा एक आणि त्याचा रिमोटहि एक. पूर्वीं घराची सत्ता तिजोरीच्या किल्लींत असे, ती आतां या काळ्या कांडींत आलेली आहे. व ती कांडी रात्रीं नऊ वाजतां आमच्या नातीच्या हातीं असे. कारण नऊ वाजतां 'बिग बॉस' लागे.

या बिग बॉसचें कुळ-मूळ आम्हीं मुद्दाम शोधून काढलें. जॉर्ज ऑरवेल या इंग्रज ग्रंथकारानें १९४९ सालीं एक कादंबरी प्रसिद्ध केली. तींत राज्यांतील प्रत्येक माणसावर चोवीस तास नजर ठेवणारा जो अदृश्य सत्ताधीश आहे, त्याचें नांव 'बिग ब्रदर', म्हणजे थोरला भाऊ. पुढें १९९९ सालीं हॉलंडांत जॉन द मॉल नामक गृहस्थांनीं हेंच नांव घेऊन एक खेळ काढला: कांहीं माणसें एका घरांत कोंडावयाचीं, जिकडे तिकडे कॅमेरे लावावयाचे, आणि त्यांचीं भांडणें देशाला दाखवावयाचीं. हिंदींत हा खेळ २००६ सालीं आला व मराठींत १५ एप्रिल २०१८ रोजीं. मात्र आमच्या देशांत येतांना थोरल्या भावाचा 'बॉस' झाला. हें योग्यच झालें. ज्या देशांत सर्वांवर नजर ठेवणारा थोरला भाऊ घरोघर फुकट मिळतो, तेथें त्याला पाहावयास कोण बसणार? इंग्रजी फलकावर 'बिग' या शब्दांत एक 'जी' जास्त घातलेला असतो, त्याचें कारण मात्र आम्हांस कळलेलें नाहीं. आमच्या शाळेंत अर्धा गुण गेला असता.

घरांत कोंडलेल्यांस बाहेरची बातमी नाहीं, दूरध्वनि नाहीं, घड्याळ नाहीं. गळ्यांत मायक्रोफोन, तो विसरला तर वरून आवाज येऊन समज मिळते. दर आठवड्यास प्रत्येकानें 'हा घराबाहेर जावा' म्हणून कांहीं नांवें सकारण सांगावयाचीं. त्यास 'नॉमिनेशन' म्हणतात. मग प्रेक्षकांच्या मतांवरून कोण जातो तें ठरतें. शनिवार-रविवारीं सूत्रधार येऊन आठवड्याचा झाडा घेतो. महेश मांजरेकर हें काम करीत तेव्हां त्या सभेस 'चावडी' म्हणत; २०२४ सालीं रितेश देशमुख आले व सभेचें नांव 'भाऊचा धक्का' झालें. हें नांव ऐकून आमची आक्का एकदम पडद्यासमोर येऊन बसली. तिचें सासर कोंकणांतलें. तिला मुंबईचा खरा भाऊचा धक्का, बोट, वल्हवणारे खलाशी व ओकाऱ्या, सारें आठवत होतें. पडद्यावर बोट नाहीं असें पाहून ती निराश झाली. परंतु त्या ठिकाणीं कोणाची तरी खरडपट्टी निघत होती, म्हणून बसून राहिली. ती मग पुढचे दोन महिने उठली नाहीं.

आम्हीं प्रथम निषेध केला. निषेधाचा आमचा प्रकार असा कीं, नऊ वाजतां त्याच खोलींत, पडद्याकडे पाठ करून, आरामखुर्चींत भवभूतीचें 'उत्तररामचरित' घेऊन बसावयाचें. "आजोबा, दुसऱ्या खोलींत दिवा चांगला आहे," असें नात म्हणे. आम्ही म्हणत असूं, "येथें वारा येतो." पाठ पडद्याकडे असली तरी परमेश्वरानें कान डोक्याच्या दोन्ही बाजूंस दिले आहेत, त्याला आमचा इलाज नव्हता. पहिल्या अंकाचें तेंच पान आम्हीं आठ दिवस वाचीत आहों, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत आली नसावी असा आमचा समज होता.

एके दिवशीं आम्ही न राहवून म्हणालों, "कॅमेरे लावून माणसें ओळखण्याचा हा धंदा नवा नाहीं. कौटिल्यानें गुप्तहेरांचे प्रकार सांगितले आहेत. कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस. कोणी शिष्याच्या वेषांत, कोणी शेतकऱ्याच्या, कोणी व्यापाऱ्याच्या."

"आपल्याकडे कोण कोण आहेत?" थोरल्या सूनबाईंनीं भाजी निवडतांना विचारलें.

"वैदेहक म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी," कुटुंब म्हणालें. "आपल्याकडे किती तूप येतें तें त्यालाच ठाऊक."

"आणि तापस?"

"तापस म्हणजे तुझे सासरे. डोळे मिटून जप करतात, पण दूध उतूं गेलेलें पहिल्यांदा त्यांनाच कळतें."

सर्व मंडळी हंसलीं. आम्हीं जपाच्या वेळीं डोळे मिटण्याबाबत कांहीं खुलासा केला, तो जाहिरातींत बुडाला.

खरा वाद झाला तो मतदानावरून. आमचें म्हणणें असें कीं, कोण्या एका घरांतल्या माणसानें राहावें कीं जावें हें ज्यांनीं त्याला कधीं पाहिलें नाहीं त्यांनीं ठरवावें, यासारखा अधर्म नाहीं. नात चटकन् म्हणाली, "पण आजोबा, लोक कधीं कधीं न्यायहि करतात." आणि तिनें शिल्पा शेट्टीचें उदाहरण दिलें. २००७ च्या जानेवारींत इंग्लंडांतल्या अशाच घरांत या मुलीचा तिच्या वंशावरून व बोलण्यावरून उपहास झाला. तेव्हां ४४ हजारांहून अधिक तक्रारी तेथील नियामक मंडळाकडे गेल्या, आणि अखेर इंग्रज प्रेक्षकांनींच मतें देऊन तिला विजयी केलें.

"आणि सीतेचें काय?" आम्ही पुस्तक उंच करून म्हणालों. "दुर्मुख नांवाचा हेर येऊन रामाच्या कानांत लोकमत सांगतो. सीता रामाच्या हातावर डोकें ठेवून निजलेली आहे. आदल्याच घटकेला दोघांनीं भिंतीवर काढलेलीं आपल्याच आयुष्याचीं चित्रें हंसत-रडत पाहिलेलीं आहेत. आणि लोकमतासाठीं ती घराबाहेर! हेंच तुमचें नॉमिनेशन."

क्षणभर कोणी बोललें नाहीं. विषय गंभीर केल्याचें समाधान मानून आम्हीं पान उलटलें. धाकट्या सूनबाई उठून आंत गेल्या. आम्हांस वाटलें, दूध विरजावयास गेल्या असतील.

श्रावणांतल्याच एका रात्रीं, ऐन नॉमिनेशनच्या प्रसंगीं, वीज गेली. बाहेर पाऊस मुसळधार. आक्कानें विजेच्या कार्यालयास दोन शब्द सुनावले ते येथें देतां येत नाहींत. नातीनें समई लावली आणि घसा जाड करून म्हणाली, "बिग बॉस आदेश देत आहेत कीं, सर्व सदस्यांनीं या वाड्यांतून बाहेर जाण्यासाठीं एका सदस्याचें नांव सकारण सांगावें."

आक्कानें तत्काळ आमचें नांव घेतलें. कारण: "मी खोलींत बसलेली असतांना हा पंखा बंद करून जातो. विचारलें तर म्हणतो, मला वाटलें कोणी नाहीं."

थोरल्या चिरंजीवांनीं आमचेंच नांव घेतलें. कारण: वर्तमानपत्रांतील शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईनें दुरुस्त केल्यामुळें दुसऱ्यास बातमी वाचतां येत नाहीं. थोरल्या सूनबाई मर्यादशील. त्यांनीं मांजराचें नांव घेतलें. पण मांजर सदस्य नाहीं असा निर्णय झाल्यावर त्यांनीं पदर सारखा करून, "मग बाबांचेंच घ्यावें लागेल," असें म्हटलें. कारण विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

कुटुंबाची पाळी आली. वाचकांतील भगिनींना 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम आठवत असेलच. २००४ पासून २०२२ पर्यंत आदेश बांदेकर भावोजी होऊन घरोघर जात, वहिनींना खेळ खेळावयास लावीत, जिंकणारीस पैठणी देत. आमच्या कुटुंबाचा तो संध्याकाळचा नेम होता. तिन्हीसांजेला देवापुढें दिवा व भावोजींपुढें ती. एकदां त्यांत कोण्या नवऱ्यास त्याच्या बायकोचा आवडता रंग विचारला व तो अडखळला. कुटुंबानें आम्हांस विचारलें, "तुम्ही काय सांगितलें असतें?" आम्हीं क्षणाचाहि विलंब न लावतां म्हटलें, "मोरपंखी." ती कांहीं बोलली नाहीं. आम्हीं तें उत्तर बरोबर धरलें होतें.

समईच्या उजेडांत ती म्हणाली, "मी यांचें नांव घेतें. चाळीस वर्षें हे मोरपंखी लुगडें आणतात. मला डाळिंबी आवडतो."

"मग बोलायचें नाहीं का!" आम्ही उसळून म्हणालों.

"तुम्हीं आणलेलें नेसत होतें, तेंच बोलणें."

नातीला हंसूं आवरेना. आतां राहिल्या धाकट्या सूनबाई. त्या समईची वात सारखी करीत होत्या. म्हणाल्या, "मी कोणाचेंच नांव घेत नाहीं. माझेंच घेतें."

"नियमाप्रमाणें स्वतःचें नांव घेतां येत नाहीं," बिग बॉसच्या आवाजांत नात म्हणाली. "तरी कारण सांगावें."

सूनबाई हंसत हंसतच म्हणाल्या, "कारण एवढेंच कीं, भाऊच्या धक्क्यावरचे भाऊ शनिवार-रविवार येतात, आणि आमच्या घरचेहि शनिवार-रविवारच येतात. अडीच वर्षें झालीं. मला रोजचे हवे आहेत."

हंसत म्हणाल्या, पण शेवटचे दोन शब्द नीट उमटले नाहींत.

याच वेळीं वीज आली. विजेला वेळ कळत नाहीं. पडदा उजळला, पंखा फिरूं लागला, आणि आम्हीं सर्वांचीं तोंडें पाहिलीं. एकाच्याहि तोंडावर आश्चर्य नव्हतें. नात खालीं पाहत होती. थोरल्या सूनबाईंनीं हात पुढें करून जावेचा हात धरला होता. म्हणजे हें सर्वांस ठाऊक होतें. ज्या घराचा बिग बॉस आपण आहों असें आम्ही समजत होतों, त्या घरांत न कळलेला माणूस एकच होता.

आमचेंच म्हणणें होतें कीं, पुण्यांत भाड्याच्या दोन खोल्यांवर पैसा घालविण्यापेक्षां सूनबाईंनीं वाड्यांत राहावें. चार वर्षांत कांहींतरी सोय होईल. लग्नाच्या वेळीं आम्ही हें बोललों आणि कोणी आड आलें नाहीं. तें आम्हांस इतकें आवडलें कीं पुन्हां विचार करण्याची गरज भासली नाहीं. महागणपतीच्या देवळांत आम्ही मित्रमंडळींस सांगत असूं, "धाकटी अगदीं रमली हो!"

आक्का उठतां उठतां आमच्या हातांतील पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, "त्या रामाला निदान कोणी दुर्मुख येऊन सांगत होता. तुला कोणी सांगायचें रे?" आक्का चवथीपर्यंत शिकलेली आहे. आमच्या पाठींमागून ती भवभूति ऐकते हें आम्हांस माहीत नव्हतें.

रात्रीं कुटुंबास विचारलें, "तुला ठाऊक होतें, मग मला कां सांगितलें नाहींस?"

"तीच सांगायला येत होती. चहा ठेवून उभी राहायची. तुम्ही म्हणायचे, साखर कमी आहे."

आम्हांस राग आला होता, हें लपवीत नाहीं. आणि रागाच्या खालीं भीति होती. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतांना आमचे चुलते वेगळे निघाले. माजघरांत मधोमध कूड घातला गेला. पलीकडून काकूच्या फोडणीचा वास येई, आणि आम्हां मुलांना तो ओळखावयाची बंदी होती. तेव्हांपासून 'वेगळें राहणें' हे शब्द ऐकले कीं आम्हांस तो कूड दिसतो. तीन दिवस आम्ही जेवतांना बोललों नाहीं. तीन दिवस धाकट्या सूनबाईंनीं चहांत साखर बरोबर घातली, आणि तोच प्रकार आम्हांस सर्वांत असह्य झाला.

चवथ्या दिवशीं शनिवार होता. चिरंजीव आले. आम्हीं त्यांस अंगणांत नेऊन विचारलें, "पुण्यांत दोन खोल्यांस काय भाडें पडतें?" मुलगा इतका दचकला कीं त्याच्या हातची पिशवी खालीं पडली. मग कळलें कीं त्यानें कोथरुडांत जागा दोनदां पाहून दोनदां सोडून दिली होती. आमच्या मुलानें आम्हांस एवढें भ्यावें असें आम्हीं त्याला कधीं कांहीं केलें, हें आठवूं लागलों. मारलें तर कधीं नाहीं. बहुधा 'मला वाटलें कोणी नाहीं' असें म्हणून पंखा बंद केला असेल.

दसऱ्याचा मुहूर्त ठरला. तोंपर्यंत नऊ वाजतांची सभा पूर्ववत् चालू राहिली. फरक एवढाच कीं आम्हीं खुर्ची फिरवून पडद्याकडे तोंड केलें. सूरज चव्हाण म्हणून बारामती तालुक्यांतील मोढवे गांवचा एक पोरका मुलगा त्या पर्वांत होता. वाचतां-लिहितां त्याला धड येत नव्हतें. इतर सदस्य सफाईनें भांडत तेव्हां तो बावरून बघत राही. मास्तर म्हणून आम्हांस त्याची आंच लागली. असलीं पोरें शेवटच्या बांकावर आम्ही पुष्कळ पाहिलेलीं आहेत. त्यांतल्या कित्येकांकडे आम्हीं पुरेसें पाहिलें नाहीं, हेंहि त्या निमित्तानें आठवलें. नात अभिजित सावंत यांच्या बाजूची. २००५ सालीं पहिल्या 'इंडियन आयडल'मध्यें देशानें त्यांना निवडलें होतें, आणि तेव्हां ती जन्मलीहि नव्हती. पण आवाज चांगला म्हणून तिचा पाठिंबा. ६ ऑक्टोबरला, सत्तराव्या दिवशीं, शेवट झाला. सूरज पहिला, अभिजित दुसरे. आक्कानें देवापुढें साखर ठेवली. नातीनें भरल्या घरांत जाहीर केलें कीं, आजोबांनीं तिच्या दूरध्वनीवरून चोरून सूरजला मत दिलें होतें. मतदानास अधर्म म्हटल्याची आठवण कोणीं काढली नाहीं. धाकट्या सूनबाईंनीं तर मुळींच नाहीं. त्या आंत डबे भरीत होत्या.

दसऱ्यास मेतकूट, भाजणी, कुळथाचें पीठ, एक जुनें पातेलें व आक्काची एक गोधडी, एवढ्या सरंजामासह जोडपें पुण्यास गेलें. एस. टी. हलतांना सूनबाई खिडकींतून म्हणाल्या, "बाबा, साखर दोन चमचे, पण मधुमेह तपासून घ्या."

भवभूतीनें सातव्या अंकांत नाटकांत नाटक घालून सीतेची भेट घडविली. आम्ही ती युक्ति कृत्रिम आहे असें तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. आतां तसें सांगणार नाहीं.

दिवाळीच्या पाडव्यास सर्व मंडळी वाड्यांत जमलीं. ओवाळून झाल्यावर आम्हीं ताटांत पुडकें ठेवलें. दुकानदारास तीन वेळां बजावून आणलेलें डाळिंबी लुगडें. कुटुंबानें घडी उलगडली, पदर उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला.

"छान आहे हो," ती म्हणाली. "पण आतां या वयांत डाळिंबी कुठें नेसूं? डोळ्यांना मोरपंखीची संवय झाली."

सूनबाईंनीं तोंडाला पदर लावला. नातीनें घसा जाड केला आणि सांगितलें कीं, या आठवड्यासाठीं आजोबा पुन्हां नॉमिनेट झाले आहेत.